डाव्या बाजूचा सायलेन्सर

माझा दादा लोकांचे दात बनवतो. तो डेंटिस्ट नाही. डेंटिस्ट माणसाच्या तोंडात बघतो, दादाला त्या माणसाचं तोंडही कधी दिसत नाही. त्याच्याकडे येतात ते प्लास्टरचे जबडे, आणि त्यांच्यावरून तो कवळ्या आणि कॅप बनवतो. कुणाचा सुळा किंचित बाहेर होता हे एखाद्या नवऱ्याला आपल्या बायकोबद्दल सांगता येणार नाही, दादाला येतं. गल्लीतली पोरं त्याला कवळीमामा म्हणतात आणि तो बिनतक्रार ओ देतो.

हे झालं पोटापाण्याचं. बाकीचा दादा आमच्या घराच्या मागच्या गॅलरीत राहतो. तिथे काचा लावून घेतलेल्या आहेत, खिडकीशी एक लांब टेबल आहे, आणि त्या टेबलावर तो जुन्या शर्यतीच्या गाड्या करतो, खऱ्या गाडीच्या बाराव्या हिश्श्याएवढ्या. त्यांना कुणी खेळणी म्हटलं की त्याच्या कपाळावर जी आठी येते ती जेवण होईपर्यंत जात नाही. चाकांच्या बारीक आऱ्या तो दात सरळ करायच्या तारेच्या करतो. धातूचा भाग हवा असला की आधी तो मेणात कोरायचा, त्याभोवती साचा भरायचा, भट्टीत मेण वितळवून टाकायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. दाताची कॅप अशीच होते. बॉनेटवरचा कातडी पट्टा माझ्या घड्याळाच्या पट्ट्यातून कापलेला आहे, आणि ते घड्याळ त्या वेळी चालू होतं, हे मी इथे मुद्दाम नोंदवून ठेवते.

एकदा मी त्याला म्हटलं होतं, की बॉनेट बंद केल्यावर आतलं इंजिन कोण बघणार आहे, तिथे कशाला डोळे फोडतोस? तो म्हणाला, "कॅपच्या आतलंही कुणी बघत नाही. पण चुकलं की दुखतं."

त्याने आजवर बऱ्याच गाड्या केल्या, पण त्या सगळ्या हात बसावा म्हणून. खरी गाडी एकच होती, आणि ती म्हणजे बाबांची. आमच्या घरात तिला 'आठ नंबर' म्हणतात.

बाहेरच्या खोलीत, दारातून आत आलं की समोरच, एक काळापांढरा फोटो आहे. मी चालायला लागायच्या आधीपासून आहे. एक लांबोडकी, एकाच माणसाला बसता येईल अशी गाडी, नाकावर गोल पांढऱ्या चकतीत इंग्रजी आठाचा आकडा, आणि गाडीच्या डाव्या अंगाने नाकापासून शेपटीपर्यंत गेलेला सायलेन्सरचा जाडजूड पाइप. बॉनेट उघडं आहे आणि त्यात एक माणूस वाकलेला आहे. त्याचं तोंड दिसत नाही. पाठ दिसते, पांढरा डगला दिसतो आणि उजव्या मनगटावरचं घड्याळ दिसतं.

ती पाठ बाबांची. आम्ही दोघं भावंडं त्या पाठीवर लहानाची मोठी झालो. घरी कुणीही आलं, अगदी मीटरचं रीडिंग घ्यायला आलेला माणूस असला, तरी बाबा त्याला फोटोसमोर उभं करायचे आणि सुरू व्हायचे. लग्नाआधी ते त्या गाडीचे मेकॅनिक होते. एका छोट्या वर्कशॉपने ती एकच गाडी बांधली होती, तिचा नकाशा नाही की तिला जोडीदार नाही. शेवटच्या शर्यतीत ती पुढे असताना तेलाची नळी सुटली, गाडी दुरुस्तीला बाजूला आली, आणि बाबांनी तापलेल्या सायलेन्सरवरून हात घालून नळी बसवली. मग डाव्या हाताची बाही वर सरकायची. मनगटाच्या वर आडवा, लांब, चकचकीत चट्टा होता. पाहुणा हळहळायचा. घड्याळ उजव्या हातात का, असं एखाद्या चौकस माणसाने विचारलं तर उत्तर तयार असायचं, की डावा हात आधी एकदा भाजलेला होता, त्यावर पट्टा सोसत नव्हता. आमची आई मात्र शर्यत सुरू झाली की चहा टाकायला आत जायची. कुणी नुकताच चहा घेऊन आलेलं असलं तरी जायची. ती गेली तेव्हा आम्ही दोघंही वयाने मोठे होतो, पण हे आमच्या कधी ध्यानात आलं नाही.

आम्हाला कळायला लागलं तेव्हा बाबा बस डेपोत सुट्या भागांच्या काउंटरवर होते. प्रत्येक नटाचं नाव तोंडपाठ. पण घरचा नळ गळायला लागला तर प्लंबर यायचा आणि मिक्सर बिघडला तर दुकानात जायचा. मोठ्या इंजिनांची सवय झालेला हात असल्या किरकोळ यंत्रांना लावायचा नाही, असं बाबांचं म्हणणं. घरातलं एकच काम ते स्वतः करायचे आणि दुसऱ्या कुणाला करू द्यायचे नाहीत. कपड्यांना इस्त्री. आईने केलेली इस्त्री त्यांना चालायची नाही. त्यांच्या शर्टाच्या बाहीची घडी अशी असायची की तिने पाव कापता यावा. टीमची शिस्त आहे, असं आम्ही कौतुकाने सांगत फिरायचो. हसू येतं आता. हसू म्हणजे, तोंड कडू होतं.

आठ नंबर करायची हे दादाने कधी ठरवलं ते मला ठाऊक नाही, बहुधा पाळण्यातच. पण हात घातला तो बाबा निवृत्त झाल्यावर. हाताशी फोटो एक, आणि बाकी सगळे बाबा. दादा गॅलरीत स्टूल ठेवायचा, बाबा त्यावर बसायचे आणि दादा विचारत जायचा. रंग कोणता होता? निळा, संध्याकाळ व्हायच्या जरा आधीचं आभाळ असतं तसा. सीटचं कातडं? तपकिरी. गिअरचा दांडा कुठल्या हाताला? बाबा डोळे मिटायचे, हवेत हात फिरवायचे आणि फोटोकडे एक नजर टाकून सांगायचे. दादा लिहून घ्यायचा नाही, तिथल्या तिथे मेणात कोरायचा.

लॅबमध्ये तेव्हा त्याच्याबरोबर एक बाई काम करायची. दातांवर पोर्सिलेन चढवायची, म्हणून आमच्या घरात तिचं नाव पोर्सिलेनवाली. हुशार, हसरी, आणि दादाच्या गाड्यांना कधीही खेळणी न म्हणणारी. तिने दुसऱ्या गावी स्वतःची लॅब काढायचं ठरवलं आणि दादाला सरळ विचारलं, की तूही चल, लग्न करून चल. दादाला जायचं होतं. हे मी अंदाजाने सांगत नाही, त्याने मला स्वतः सांगितलं. पण तेवढ्यात बाबांना विसरायला व्हायला लागलं होतं. चष्मा कुठे ठेवला, गोळी घेतली की नाही, इतपत. दादाने तिला सांगितलं, की बाबांच्या डोक्यात आठ नंबर आहे तोवर ती बाहेर काढून घेतो, मग येतो. ती थांबली बरीच. मग तिचं लग्न झाल्याचं कळलं. दादाने त्या दिवशी रेडिएटरची जाळी केली, आणि ती इतकी बारीक झाली की बाबासुद्धा उठून बघायला आले.

मग एक दिवस दादा लॅबमधून धावत घरी आला. आम्ही त्याला धावताना शाळेनंतर पाहिलेलं नव्हतं. आठ नंबर सापडली होती. मूळ मालकाच्या वारसांच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली इतकी वर्षं पडून होती. ती दुरुस्त करून मोटारींच्या एका नव्या संग्रहालयात ठेवणार होते. तिथल्या व्यवस्थापक बाईंशी तो फोनवर बोललाही होता. उद्घाटनाआधी गाडीचा फोटो बाहेर द्यायचा नाही अशी मालकांची अट होती, पण मॉडेलचं ऐकून बाईंना भारी आनंद झाला. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी घेऊन या म्हणाल्या, गाडीशेजारी काचेच्या कपाटात ठेवू. शेजारी एक छापील कार्ड असेल, त्यावर काय लिहायचं तेही तुम्हीच सांगा.

त्या कार्डासाठी दादाने जिवाचं रान केलं. त्याला स्वतःचं नाव नको होतं. त्यावर लिहायचं होतं, की या गाडीचे मेकॅनिक हे, आणि पुढे बाबांचं पूर्ण नाव. बाबा जिवंत आहेत, त्यांना वाचता येतंय, तोवर त्या हॉलमध्ये त्यांचं नाव लागलं पाहिजे, एवढंच त्याचं मागणं होतं. मॉडेल तयारच होतं, तरी त्याने एक गोष्ट वाढवली. मेणात एक माणूस कोरला, मधल्या बोटाएवढा, वाकलेला, उजव्या मनगटावर घड्याळ, आणि तो कॅपच्या धातूत ओतून पांढऱ्या रंगात रंगवून बॉनेटवर बसवला. चेहरा दिसत नव्हता, तरी त्याने चेहराही कोरला होता. मी भिंग लावून पाहिला. बाबाच होते.

बाबांना तिथे न्यायचं म्हटल्यावर त्यांचे गुडघे दुखायला लागले. मग खोकला आला. मग, त्या गर्दीत मला कशाला नेता, असं झालं. गर्दी नाही, उद्घाटन दुसऱ्या दिवशी आहे, असं मी सांगितलं. बाबा बुजतायत, जुन्या आठवणी झेपायच्या नाहीत म्हणून मागे सरतायत, असं मला वाटलं. मीच त्यांना समजावलं, मीच चाकांची खुर्ची आणली आणि मीच गाडी चालवली. निघायच्या आधी बाबांनी स्वतःच्या शर्टाला इस्त्री केली.

हॉल मोठा, रिकामा, नुकत्याच दिलेल्या रंगाच्या वासाचा. बाईंनी कापड ओढलं आणि समोर आठ नंबर उभी राहिली. निळी. अगदी बाबांनी सांगितलेली निळी. दादाच्या हातात मॉडेलची पेटी होती, ती त्याने खाली ठेवली आणि तो गाडीच्या डाव्या बाजूला गेला. तिथे उभा राहिला. मग फेरी मारून उजवीकडे गेला, आणि परत डावीकडे आला. सायलेन्सर उजव्या बाजूला होता.

आता दादाने काय केलं ते ऐका, कारण मला ते अजून सोसत नाही. त्याला स्वतःची शंका आली नाही. बाबांची तर नाहीच नाही. तो बाईंकडे गेला आणि अगदी नम्रपणे, त्यांना वाईट वाटू नये अशा बेताने म्हणाला की दुरुस्ती करताना तुमच्या माणसांची मोठी चूक झाली आहे, सायलेन्सर डावीकडे असायला हवा. बाई गोंधळल्या. गाडी उघडून बांधणारे गृहस्थ इथेच आहेत, बोलावते, म्हणाल्या. दादा बाबांच्या खुर्चीशी गेला, खाली बसला आणि म्हणाला, "बाबा, तुम्ही सांगा यांना."

बाबांकडे तो एक क्षण होता. मुलगा पुढ्यात गुडघ्यावर बसलेला, हॉलमध्ये आम्ही चौघंच. मला आठवत नाही म्हणाले असते तरी चाललं असतं, सगळ्यांनी वयावर ढकललं असतं. बाबांनी मान ताठ केली आणि बाईंना म्हणाले, "डावीकडेच होता. माझा हात भाजलाय त्याच्यावर."

तेवढ्यात मागच्या दाराने फडक्याला हात पुसत एक म्हातारा मेकॅनिक आला. बाबांच्याच वयाचा, पण अजून पायांवर चालणारा. त्याने सगळं ऐकून घेतलं. वाद घातला नाही. बॉनेटचे पट्टे सोडले, ते उचललं आणि दादाला म्हणाला, बघा.

दादाने आत वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. ज्याने आयुष्यभर धातू ओतलाय त्याला ओतीव इंजिन वाचता येतं. धूर बाहेर पडायची तोंडं त्या इंजिनाच्या अंगातच उजवीकडे होती, ओततानाच केलेली. पाइप इकडचा तिकडे लावता येईल असं ते कामच नव्हतं. गिअरचा दांडाही उलट्या हाताला होता. दादाने केलेली सगळी गाडीच उलटी होती, आरशात दिसावी तशी.

त्याने खिशातून घरच्या फोटोची प्रत काढली आणि पुढे केली. म्हातारा ओळखीचं हसला.

"हा उलटा छापलाय," तो म्हणाला. "फोटोवाल्याने निगेटिव्ह उलटी लावली आणि गठ्ठाभर प्रती काढल्या. आठाचा आकडा, उलटा झाला तरी आठच. कळणार कसं? माझं घड्याळ दुसऱ्याच हातात दिसलं तेव्हा लक्षात आलं."

"तुमचं घड्याळ?" दादाने विचारलं.

"ही पाठ माझी," म्हातारा म्हणाला. "आता एवढी सरळ राहिली नाही."

त्याने भिंतीकडे बोट केलं. तिथे तोच फोटो होता, पुरुषभर उंचीचा, सुलट. घड्याळ डाव्या मनगटावर, सायलेन्सर उजवीकडे. त्या फुकट गेलेल्या प्रतींचं काय झालं ते म्हातारा सहज सांगत होता, की काही फाडल्या, काही आमचे डगले धुणाऱ्या लाँड्रीतल्या पोरांनी मागून घेतल्या, ती पोरं फार जीव टाकायची गाडीवर. बोलता बोलता तो वळला आणि त्याची नजर बाबांवर गेली. त्याने चष्मा वर केला. मग त्याचा चेहरा असा उजळला की बघत राहावं.

"अहो, तुम्ही इस्त्रीवाले ना?" तो म्हणाला, आणि खुर्चीपाशी येऊन त्याने बाबांचा हात हातात घेतला. "तुमच्यासारखी घडी नंतर कुणाची पाहिली नाही. आणि हात कसा आहे तुमचा? वाफेच्या नळीवर भाजला होता ना? डॉक्टरकडे मीच नेलं होतं तुम्हाला."

बाबांनी हात सोडवून घेतला आणि बाही मनगटापर्यंत खाली ओढली.

"तुमची काहीतरी गल्लत होतेय," ते म्हणाले.

म्हाताऱ्याने बाबांकडे पाहिलं. मग दादाकडे. मग पेटीकडे, जिच्या काचेतून बॉनेटवर वाकलेला पांढरा माणूस दिसत होता. त्याला सगळं कळलं, आणि परका माणूस असून त्याने जी माया दाखवली ती आमच्या बापाला दाखवता आली नाही. "असेल," म्हातारा म्हणाला. "वय झालं माझं." आणि फडकं उचलून तो आत निघून गेला.

बाईंनी कार्डाचं विचारलं. दादा म्हणाला, अजून काही छापू नका. त्याने पेटी उचलली.

परतीच्या वाटेवर मी गाडी चालवत होते. मला ओरडायचं होतं. पेट्रोल पंपावर थांबलो तेव्हा बाबा मागच्या सीटवरून म्हणाले, की त्या म्हाताऱ्याला काही आठवत नाही, भ्रमिष्ट झालाय. मी तोंड उघडणार, तेवढ्यात दादाने माझ्या हातावर हात ठेवला.

"बाबा," तो मागे न वळता म्हणाला, "चटका कशाचा होता?"

बाबांनी खिडकीची काच थोडी खाली केली. वाटलं, आता तरी बोलतील. बोलले. "काय फरक पडतो आता? त्यापायी तुला छंद लागला ना? नाहीतर आयुष्यभर दातच घासत बसला असतास."

घरी येईपर्यंत त्याने पेटी मांडीवर धरून ठेवली होती.

लोक मला म्हणतात, म्हातारा माणूस आहे, सोडून दे. लाँड्रीच्या खिडकीतून एक गाडी बघितली, तिच्या प्रेमात पडला, मुलांपुढे जरा मोठेपणा मिरवला, एवढं काय? एवढं काय ते मी सांगते. बाबा लाँड्रीत इस्त्री करायचे याची आम्हाला काडीची लाज वाटली नसती. तीच गोष्ट सांगितली असती तर आम्ही तिच्यावर लहानाचे मोठे झालो असतो. पण त्यांनी दादाला रोज स्टूलवर बसून एक एक भाग खोटा सांगितला. तो मेणात कोरत होता, आणि ते त्याचे हात चालताना बघत होते. पोर्सिलेनवाली दारात उभी राहून गेली तेव्हाही ते त्याच स्टूलवर होते, आणि जा रे बाबा तू, माझ्या डोक्यात काही नाहीये, एवढं एक वाक्य त्यांच्या तोंडातून निघालं नाही. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. आणि आईला सगळं माहीत होतं असं आता मला वाटतं, त्यामुळे तिच्या चहाचाही मला राग येतो.

दादाने घरात भांडण केलं नाही. बाबांची औषधं तोच देतो, नखं तोच कापतो. फक्त गॅलरीतलं स्टूल त्याने माळ्यावर टाकलं. बाबांनी मात्र काही सोडलं नाही. महिनाभरात रक्त तपासायला आलेल्या मुलीला फोटोसमोर उभं करून त्यांनी तेलाची नळी सुटलेली शर्यत पहिल्यापासून ऐकवली, बाही वर सरकवली, आणि ती बिचारी हळहळली. शेजारच्या खोलीत दादा जेवत होता. त्याने घास तोंडात ठेवला आणि चावायचा थांबला, मग चावला.

रविवारी तो बाहेर जायला लागला. कुठे जातोस म्हणून बाबा विचारायचे, तो सांगायचा, संग्रहालयात. म्हातारा मेकॅनिक त्याच्यासाठी बॉनेट उघडून द्यायचा आणि दिवा धरायचा. दादाने आठ नंबर पुन्हा केली. रंग तेवढा तसाच राहिला, कारण तो खरा निघाला होता. इंजिन नवं, दांडा नवा, टाकीचं झाकण या बाजूचं त्या बाजूला. सायलेन्सर शेवटी केला. त्या दिवशी मी गॅलरीत होते. भट्टी तापली होती, आणि त्याने मुशीत टाकायला डबीतून धातू काढला तो म्हणजे बॉनेटवरचा माणूस होता, रंग खरवडून काढलेला. वाकलेला तसाच मुशीत पडला. मी दादाकडे पाहिलं. "धातू चांगला आहे," तो म्हणाला, "वाया कशाला घालवायचा?" मग माणसाची पाठ आधी मऊ झाली, मग सगळाच थेंब झाला. त्याने तो साच्यात ओतला.

मॉडेल आता त्या हॉलमध्ये आहे. कार्डावर गाडी बांधणाऱ्या वर्कशॉपचं, चालवणाऱ्याचं आणि म्हाताऱ्या मेकॅनिकचं नाव आहे. बाबा मागे लागले, मला दाखवायला ने. मी नको म्हणत होते, दादा म्हणाला, नेऊ. हॉलमध्ये दुसरीही माणसं होती, कुणाची तरी मुलं काचेला नाक लावून उभी होती. दादाने खुर्ची कपाटापाशी नेली आणि बाबा पुढे झुकले. त्यांनी नाकावरचा आठ पाहिला, सीट पाहिली, उजव्या बाजूचा चकाकता सायलेन्सर शेपटीपर्यंत पाहिला. कार्ड दोनदा वाचलं. मग काचेवर बोट ठेवून, रिकाम्या बॉनेटकडे दाखवत म्हणाले, "आणि मी कुठंय?"

"तुम्ही तिथे नव्हतात, बाबा," दादा म्हणाला.

तो मोठ्याने बोलला नाही, पण काचेला नाक लावलेल्या मुलांनीसुद्धा वळून पाहिलं. बाबांचं बोट काचेवर तसंच राहिलं. मग त्यांनी ते काढून घेतलं, काचेत बघून शर्टाची कॉलर सारखी केली, आणि आपल्याला घरी जायचंय म्हणाले. दादाने वाकून काचेवरचा बोटाचा डाग रुमालाने पुसला आणि खुर्ची दाराकडे वळवली.